चित्र, वाचा आणि चाळीस सेकंद

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला शांती नगर ही सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखली जाणारी वसाहत आहे. येथे एकाच जिन्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू कानी पडतात; मात्र परदेशी शिक्षणाची किंवा स्थलांतराची तयारी करणारा या वसाहतीतील तरुण संध्याकाळी दार लावून बसतो, तेव्हा त्याला बोलायचे असते ते इंग्रजीतच, आणि तेही कुणा माणसाशी नव्हे, तर पडद्यावरील एका चित्राविषयी. पिअर्सन या कंपनीने २००९ साली सुरू केलेल्या पीटीई अकॅडेमिक या परीक्षेतील हा प्रश्न आहे. चित्र न्याहाळण्यास पंचवीस सेकंद आणि बोलण्यास चाळीस सेकंद मिळतात. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर तीन सेकंद शांतता राहिली तर ते तेथेच थांबते.

या तीन सेकंदांपाशी थोडे थबकावेसे वाटते. चित्र पाहून मोठ्याने बोलणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने तर चित्रकथीची परंपरा आजतागायत जपली आहे; तिचे एक वारसदार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर उभे करतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गातो, सांगतो. तेथे चित्र सांगणारा आणि ऐकणारा दोघांच्याही डोळ्यांसमोर असते. त्यामुळे जे दिसतेच आहे त्याची यादी करण्यात अर्थ नसतो. जे दिसत नाही ते, म्हणजे त्या क्षणाच्या आधीचे आणि नंतरचे, पात्राच्या मनातले, शब्दांत आणावे लागते. एक पान खाली ठेवून दुसरे उचलेपर्यंतची स्तब्धता हाही त्या कथनाचाच भाग असतो.

इंग्रजीच्या वर्गात चित्र शिरले ते मात्र निराळ्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात आपण इंग्रजी शिकलो ते प्रामुख्याने व्याकरण आणि भाषांतर यांच्या आधारे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या. या पद्धतीत इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठी शब्दाच्या द्वारे मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात याविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. परकी भाषा त्या भाषेतूनच शिकवावी, मातृभाषेची मध्यस्थी नको, असे म्हणणारी ‘प्रत्यक्ष पद्धती’ पुढे आली. मातृभाषा वर्गाबाहेर घालवल्यावर अर्थ दाखवायचा कसा, हा प्रश्न उरला. त्याचे एक उत्तर वस्तू आणि हावभाव हे होते, तर दुसरे चित्र. व्हिएन्नाच्या होल्त्झेल या प्रकाशनाची ऋतूंची भित्तिचित्रे वर्गात टांगून त्यांवर संभाषण घडवले जाई.

मुंबई इलाख्यात या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत पी. सी. रेन हे एक होते. ते येथील शिक्षण खात्यात होते आणि भारतीय शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर त्यांनी १९११ साली पुस्तक लिहिले. नियतीचा विनोद असा, की मराठी वाचकाला हे रेन आठवतात ते १९३५ सालच्या ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणाच्या पुस्तकामुळे. ज्याने बोलण्यावर भर दिला, त्याचे नाव नियमांच्या घोकंपट्टीशी कायमचे जोडले गेले. प्रत्यक्ष पद्धतीला बोलके शिक्षक आणि लहान वर्ग लागतात. व्याकरणाच्या पुस्तकाला दोन्ही लागत नाहीत. आपल्या शाळांची परिस्थिती पाहता दुसरी गोष्ट टिकावी, यात नवल नव्हते.

परीक्षेतही चित्र सुरुवातीपासून नव्हते. केंब्रिजने १९१३ साली परभाषकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तोंडी भागात श्रुतलेखन, प्रकट वाचन आणि संभाषण होते. तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. पुढे केंब्रिजच्याच ‘फर्स्ट सर्टिफिकेट’ परीक्षेत दोन छायाचित्रांची तुलना करत सुमारे मिनिटभर बोलण्याचा प्रश्न रुळला. तेथे समोर परीक्षक होता. त्यालाही चित्र दिसत होते आणि उमेदवार अडखळला तर तेही दिसत होते. चित्रकथीतील श्रोत्याची पुसट सावली त्या खोलीत उरलेली होती, असे म्हणता येईल.

पीटीईच्या संगणकीकृत परीक्षेने ही सावलीही पुसली. येथे चित्र म्हणजे पुष्कळदा स्तंभालेख, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती. आशय, ओघ आणि उच्चार यांना गुण असतात, आणि ध्वनिमुद्रणाला गुण देण्याचे काम संगणकप्रणालीवर सोपवलेले होते. उमेदवारांनी आणि शिकवणीवर्गांनी यावर तोड काढली ती साच्याची: हे चित्र अमुक विषयाची माहिती देते, सर्वांत मोठा आकडा हा, सर्वांत लहान तो, एकंदरीत चित्र अत्यंत उद्बोधक आहे. रिकाम्या जागा भरल्या की चित्राकडे पाहण्याची फारशी गरज उरत नाही. २०२५ साली यंत्राच्या जोडीला मानवी परीक्षणाची व्याप्ती वाढवण्यात आली. ज्या ऐकणाऱ्याला यंत्राने बाहेर काढले होते, त्याला अशा रीतीने परत बोलवावे लागले, ही घटना बोलकी आहे.

साचा वापरणाऱ्या तरुणाला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. त्याचे शुल्क, व्हिसा आणि कधी कधी घरच्यांनी काढलेले कर्ज त्या चाळीस सेकंदांवर अवलंबून असते. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नसून चित्राला दिलेल्या कामाचा आहे. प्रत्यक्ष पद्धतीने चित्र आणले ते मातृभाषेला दूर ठेवण्यासाठी. परीक्षेने ते ठेवले ते केवळ तोंड उघडावे म्हणून. दोन्हीकडे चित्र हे निमित्त होते. त्यात काय दिसले, हे कुणाला मनापासून जाणून घ्यायचे नव्हते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले आणि चित्रावर बोलण्याचा भाग लहान मुलांपर्यंत पोहोचला. मराठीच्या तासालाही चित्रवर्णन असते. पण तेथेही ते पुष्कळदा ‘हे बागेचे चित्र आहे’ या वाक्याने सुरू होऊन ‘मला हे चित्र फार आवडते’ या वाक्यावर संपते. म्हणजे साचा इंग्रजीने आणला, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. शांती नगरातील तो तरुण परीक्षेत जे करतो, त्याची पहिली शिकवण त्याला आपल्याच वर्गात मिळालेली असू शकते.

म्हणूनच भाषेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात चित्र दाखवल्यावर पहिले मिनिट कुणी काही बोलू नये. नंतर चित्रात जे नाही, त्याविषयी विचारावे: बाकावरची म्हातारी कुणाची वाट पाहत असेल? उत्तर मराठीत यावे, हिंदीत यावे, मोडक्या इंग्रजीत यावे. शब्द शोधताना मूल थांबले, तर थांबू द्यावे. यंत्राच्या लेखी तीन सेकंदांची शांतता म्हणजे उत्तराचा शेत्रभंग नव्हे, तर शेवटच असतो. पिंगुळीच्या कथेकऱ्याच्या हातात मात्र तेवढ्या वेळात पोथीचे पुढचे पान येत असते.