हवेच्या दाबावर धावलेली रेल्वे (थ्रेड)

१/ सप्टेंबर १८४७. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, एक्सेटरहून समुद्रकाठाने एक प्रवासी गाडी निघते. पुढे इंजिन नाही, धूर नाही, ठिणग्या नाहीत. तिला ओढते आहे ती निर्वात नळी. पुढील वर्षभरात या मार्गाचे जे झाले, ते आजही वाचण्यासारखे आहे.

२/ रचना अशी: रुळांच्या मधोमध लोखंडी नळी, नळीत दट्ट्या. दर ५ किमीच्या आसपास एक पंपघर नळीतील हवा शोषून घेई आणि मागच्या हवेचा दाब दट्ट्याला पुढे ढकली. दट्ट्या गाडीला जोडण्यासाठी नळीला वरून सलग फट ठेवावी लागे. ती फट चामड्याच्या झडपेने झाकलेली असे; हवा गळू नये म्हणून वर चरबीचे लुकण.

३/ ही कल्पना भोंदू नव्हती. क्लेग आणि सामुदा बंधूंची ही पद्धत डब्लिनजवळील डॉल्की येथे १८४४ ते १८५४ अशी दहा वर्षे चालली. डेव्हनमधील चाचण्यांत वेग ताशी १०० किमीच्या वर गेला. इंजिनाचे ओझे नसल्याने डोंगराळ मुलखात ती सोयीची ठरेल, हा इसम्बार्ड ब्रुनेल या नामांकित अभियंत्याचा तर्कही सयुक्तिक होता.

४/ मात्र डॉल्कीचा मार्ग होता पावणेतीन किमीचा. तो सुरू होऊन काही महिने होतात न होतात, तोच साउथ डेव्हन रेल्वेने एक्सेटर ते प्लिमथ या ८० किमीहून लांब मार्गासाठी तीच पद्धत स्वीकारली. रॉबर्ट स्टीफन्सनने १८४४ च्या अहवालात हिशेब मांडून ती परवडणार नाही असे म्हटले होते. तो हिशेब मागे पडला.

५/ मग रोजचे व्यवहार आडवे आले. चामडे सुके, थंडीत ताठ होई, लोखंडाशी लागून खराब होई. हवा गळे, पंपांना जादा कोळसा लागे. पंपघरांना जोडणारी तारयंत्रणा वेळेत आली नाही, त्यामुळे पंप वेळापत्रकावर चालत. गाडीला उशीर झाला की सारा कोळसा व्यर्थ. शिवाय जिथे रूळ रुळाला छेदतो, तिथे मधली नळी अडथळाच.

६/ सप्टेंबर १८४८ मध्ये ही सेवा बंद झाली. नळी न्यूटनपर्यंतच, म्हणजे ३२ किमीच पोचली होती. भागधारकांचे चार लाखांहून अधिक पौंड बुडाले. ज्यांची जागा ही पद्धत घेणार होती, ती वाफेची इंजिनेच परत आली.

७/ साडेचार वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किमी अंतर पहिल्या प्रवासी गाडीने कापले. तिला जोडलेली तिन्ही इंजिने वाफेची होती. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावर १८३० पासून पारखलेले तंत्रच आपल्याकडे आले.

८/ फेब्रुवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबई–पुणे हायपरलूपसाठी करार केला. पुन्हा निर्वात नळी, आणि २५ मिनिटांचा वायदा. त्या कंपनीने २०२० मध्ये दोन माणसांना बसवून चाचणी घेतली, तीही ५०० मीटरच्या मार्गावर. २०२३ च्या अखेरीस कंपनीच बंद झाली.

९/ ‘वाफेच्या गाडीलाही लोक हसले होते’ हा युक्तिवाद इथे हमखास येतो. पण लिव्हरपूल–मँचेस्टरच्या संचालकांनी १८२९ मध्ये रेनहिल येथे इंजिनांची उघड स्पर्धा लावली. बाकीची नापास झाली, ‘रॉकेट’ टिकले. वाफ जिंकली ती संशयाला सामोरी जाऊन.

१०/ डेव्हनमध्ये वेगाचा दावा खरा निघाला. फसले ते चामडे, सांधे आणि कोळशाचे गणित. म्हणून नव्या वाहनाची चित्रफीत पाहताना वेग बाजूला ठेवून विचारावे: तासाला माणसे किती वाहणार? गाडी रूळ कसा बदलणार? मधेच बंद पडली तर मागच्यांचे काय? आणि झडप कोण बदलणार, कोणाच्या पैशाने?

स्टारक्रॉसचे पंपघर आजही रुळांशेजारी उभे आहे. त्याच्यासमोरून रोज साध्या गाड्या जातात.