कोरड्या ओढ्यातलं रॉकेट आणि रिकाम्या तलावातला स्केटबोर्ड

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. पार्किंगमधली फरशी, तिच्यावर काळे ओरखडे, आणि खाली मजकूर: स्केटबोर्डवाल्या मुलांना आवरा, नाहीतर वॉचमन बोर्ड जप्त करेल. ओरखडे खरे आहेत. त्यातल्या एका बोर्डचा मालक माझा भाचा आहे, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. पण याच ग्रुपवर २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी, चांद्रयान-३ उतरलं तेव्हा, तिरंग्यांचा पाऊस पडला होता. आणि फोटो टाकणाऱ्या काकांचा मेसेज सगळ्यात लांब होता. विषय: अपयशाला न घाबरणारी तरुण पिढी.

काकांना उत्तर द्यायला बसलो आणि ग्रुपवर मावणार नाही इतकं लांबलं, म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकेत अवकाश संशोधनाची एक मोठी संस्था आहे, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे जेपीएल. मंगळावर गाड्या चालवणारी. ती आपला जन्मदिवस मानते ३१ ऑक्टोबर १९३६. त्या दिवशी काय झालं? कॅलिफोर्नियात पासाडेना शहराच्या कडेला अरोयो सेको नावाची जागा आहे. स्पॅनिशमध्ये अर्थ 'कोरडा ओढा'. तिथे काही पोरं मिथाइल अल्कोहोल आणि ऑक्सिजनवर चालणारं एक छोटं रॉकेट इंजिन घेऊन गेली. तीनदा प्रयत्न फसला. चौथ्यांदा ऑक्सिजनच्या नळीनेच पेट घेतला आणि ती जळती नळी सापासारखी वळवळत सुटली. सगळे जीव घेऊन पळाले. हा जन्मदिवस!

पोरं कोण होती तेही बघा. फ्रँक मलीना हा कॅलटेकचा पदवीचा विद्यार्थी, पण जॅक पार्सन्स आणि एड फोरमन यांच्याकडे पदवीच नव्हती. पार्सन्सला स्फोटकांचं वेड, फोरमनचा हात यंत्रात. त्या काळी रॉकेट हा शब्द प्रतिष्ठित प्राध्यापकांत उच्चारायची सोय नव्हती. तो मासिकांतल्या अद्भुत कथांचा विषय. थिओडोर फॉन कारमान या एका मोठ्या माणसाने या पोरांना आपल्या पंखाखाली घेतलं, पैसे मात्र नव्हते. वेल्ड अर्नोल्ड नावाच्या सहकाऱ्याने देणगी कबूल केली आणि पहिला हप्ता आणला तो शंभर डॉलरचा, एक आणि पाच डॉलरच्या नोटांत, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुढे १६ जानेवारी १९३७ ला इंजिन ४४ सेकंद चाललं. मग त्यांना कॉलेजच्या इमारतीत जागा मिळाली, आणि त्यांनी तिथे विषारी वायू सोडून आसपासची उपकरणं गंजवली. लगेच हुकूम: बाहेर व्हा. कॉलेजात त्यांचं नाव पडलं 'सुइसाइड स्क्वॉड'. आमच्या ग्रुपवर यापेक्षा सौम्य नावं पडलेली नाहीत.

आता त्याच दक्षिण कॅलिफोर्नियात, पासाडेनापासून पन्नास किलोमीटरच्या आत, सँटा मोनिका आणि व्हेनिसचा किनारा. समुद्रात लाट नसेल त्या दिवशी करायचं काय, म्हणून १९५० च्या दशकात सर्फिंगवाल्या पोरांनी फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. तोच स्केटबोर्ड. १९६५ च्या आसपास लाट ओसरली. कडक 'क्ले'ची चाकं लहानशा खड्यावरही अडकायची, हातपाय मोडायचे, आणि अनेक शहरांनी सरळ बंदी घातली. खेळ जवळजवळ संपला होता.

तो परत उभा राहिला एका रसायनामुळे, आणि मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मजा वाटते ती इथे. फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी ओतलेली पॉलियुरेथेनची चाकं पाहिली. ती त्याने आपल्या बोर्डला लावून पाहिली आणि १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विकायला काढली. मऊ, चिवट, रस्ता धरून ठेवणारी चाकं. बोर्ड वळायला लागला, उतारावर टिकायला लागला. आता दुसरी बाजू. 'सुइसाइड स्क्वॉड'च्या मंडळींनी फॉन कारमानसोबत १९४२ मध्ये एरोजेट ही कंपनी काढली होती. पार्सन्सने त्याच वर्षी डांबरात ऑक्सिडायझर मिसळून घट्ट होणारं इंधन बनवलं. डांबर उन्हात वितळतं, थंडीत तडकतं. म्हणून डांबराच्या जागी रबरासारखे पदार्थ आले, आणि एरोजेटच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रात हे काम पॉलियुरेथेन करत होतं. चाकात काय हवं? धक्का सोसावा, तडकू नये. घन इंधनात काय हवं? तडकू नये, कारण तडा गेला की जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि रॉकेट फुटतं. गरज तीच, कुळ तेच. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात एचटीपीबी नावाचा जो बंधक असतो, तोही घट्ट होताना पॉलियुरेथेनच बनतो. इस्रोत घन इंधनाचा पाया घालणाऱ्यांत आपले वसंत गोवारीकर होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. भाच्याच्या बोर्डाची चाकं आणि श्रीहरिकोटाचा धूर हे लांबचे चुलतभाऊ आहेत, एवढं कळलं तरी काकांचा राग थोडा निवेल अशी आशा.

तर चाकं आली. सँटा मोनिकाच्या झेफिर या सर्फ दुकानाच्या पोरांनी, टोनी अल्वा, जे अ‍ॅडम्स, स्टेसी पेराल्टा आणि त्यांच्यातली एकटी मुलगी पेगी ओकी, डोंगरउतारावरच्या शाळांच्या आवारातले डांबरी उतार हीच लाट मानली. १९७५ च्या डेल मारच्या स्पर्धेत बाकीचे ताठ उभे राहून सभ्य कसरती करत होते आणि ही पोरं जमिनीला हात टेकवत घसरत आली. मग १९७६-७७ चा दुष्काळ. पाण्याची टंचाई, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. तिथले तलाव तळाला गोल वळणाचे. पोरं कुंपणावरून उड्या मारून आत शिरायची, तळातलं उरलेलं गढूळ पाणी पंपाने उपसायची, एकजण गल्लीच्या तोंडाशी पोलिसांवर नजर ठेवायचा. परवानगी अर्थातच नाही. घरमालकांचा संताप रास्तच होता, त्यात मी शहाणपणा करत नाही.

त्या गोल भिंतीवर पोरांना एक गोष्ट कळली. वळणावर आल्यावर वाकलेले गुडघे नेमक्या क्षणी सरळ केले की वेग वाढतो, आणि दर फेरीला माणूस आणखी वर जातो. १९७७ च्या सुमारास अल्वा तलावाच्या काठाच्याही वर हवेत गेला, वळला आणि परत आत उतरला. हे पहिल्यांदा करण्याचं श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात. त्याच वर्षी, २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबरला, जेपीएलची दोन व्हॉयेजर यानं निघाली. त्यांचा अख्खा प्रवास गुरूच्या गुरुत्वाच्या खळग्यात शिरून जास्त वेगाने बाहेर पडण्यावर बेतलेला होता. शास्त्र तंतोतंत एकच नव्हे: पोराला वेग त्याच्या पायातून मिळतो, यानाला गुरूच्या सूर्याभोवतीच्या गतीतून. पण वळणाला अडथळा न समजता तिथूनच जोर घ्यायचा, ही नजर एकच आहे. आणि ती दोन्हीकडे वहीत गणित करून किंवा ढोपरं फोडून, म्हणजे जवळ जे होतं ते खर्चून मिळवलेली आहे.

पडण्याचा हिशोबही सारखाच. चंद्राचे जवळून फोटो काढायला जेपीएलने रेंजर यानं पाठवली. पहिली सहाच्या सहा फसली. सहावं १९६४ च्या फेब्रुवारीत चंद्रावर अचूक पोचलं, पण कॅमेरेच चालू झाले नाहीत! संसदेत चौकशी, संस्था बंद करा अशी भाषा. ३१ जुलै १९६४ ला रेंजर-७ ने चार हजारांहून जास्त फोटो पाठवले. त्या दिवशी नियंत्रण कक्षात कुणीतरी शेंगदाणे वाटले होते, म्हणून आजही तिथे मोठ्या मोहिमेच्या वेळी शेंगदाणे वाटतात. टोनी हॉकने २७ जून १९९९ ला हवेत अडीच गिरक्या घेतल्या, त्या आधी त्याच संध्याकाळी तो त्याच भिंतीवरून दहाएक वेळा पडला होता. वेळ संपली होती, स्पर्धेच्या दृष्टीने उपयोग शून्य. तरी कुणी त्याला खाली बोलावलं नाही.

फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. रॉकेटला १९३९ पासून सरकारी पैसा मिळायला लागला, कारण सैन्याला ते हवं होतं. स्केटबोर्डला मिळाला दंड. पण रॉकेट प्रतिष्ठित झाल्यावर ते सुरू करणाऱ्यांचं काय झालं? मलीनावर कम्युनिस्ट असल्याचा संशय होता, तो पॅरिसला गेला तो गेलाच. त्याच टोळक्यातला चिएन शुएसन हा चिनी विद्यार्थी त्याच संशयावरून वर्षानुवर्षं अडकवून ठेवला गेला, १९५५ मध्ये चीनला पाठवला गेला, आणि त्याने तिथला क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. पार्सन्स १९५२ मध्ये घरच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेला. आज त्या कोरड्या ओढ्याच्या काठावर जेपीएलचा पसारा उभा आहे, गेटवर ओळखपत्र लागतं.

ग्रुपवर मी यातलं थोडं टाकलं तेव्हा एका ताईंनी विचारलं, ते सगळं ठीक, पण पोरगं पडून हात मोडला तर जबाबदार कोण? हा खरा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातली शहरंही नेमकी यावरच अडली होती. खटल्याच्या भीतीने कुणी जागा देईना. मग राज्याने कायदा केला, १९९८ पासून लागू. स्केटबोर्डिंग हा धोक्याचा खेळ आहे असं त्यात चक्क लिहून टाकलं. हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याची पॅड सक्तीची, आणि त्यानंतर खेळताना झालेल्या इजेची जबाबदारी शहरावर सहजासहजी येत नाही. मग शहरांनी स्वतः काँक्रीट ओतून वाडगे बांधायला घेतले. टोकियो ऑलिंपिकमध्ये मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या मुलीने सुवर्णपदक घेतलं ते याच खेळात.

मी सोसायटीच्या सचिवांना अर्ज दिलाय. पंपघराच्या मागे वीस बाय तीस फुटांचा कोबा आहे, तिथे सध्या दोन मोडक्या सायकली आणि एक जुनं कमोड पडलंय. रोज संध्याकाळी पाच ते सात, हेल्मेट सक्तीचं, पालकांची सही. पार्किंगमधले ओरखडे आम्ही पुसून देतो. काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही, पण मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात. सभा रविवारी आहे.