रक्तातल्या कर्करोगपेशींचा माग

रक्तात वाहणाऱ्या कर्करोगपेशींची पहिली नोंद थॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात केली. मात्र मिलिलिटरभर रक्तातल्या अब्जावधी तांबड्या पेशींत अशा पेशी जेमतेम मोजक्याच असतात. त्या वेचून मोजणाऱ्या ‘सेलसर्च’ चाचणीला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. लोहाच्या नॅनोकणांवरची प्रतिपिंडे पेशीवरील एपकॅम प्रथिनाला चिकटतात आणि मग चुंबक त्या पेशी ओढून घेतो. २००७ मध्ये बोस्टनच्या मेहमेत टोनर यांच्या गटाने प्रतिपिंडे लावलेल्या ७८,००० सूक्ष्म सिलिकॉन खांबांच्या चिपमधून रक्त सोडून पेशी अडवल्या. पुण्यातील ॲक्टोरियस कंपनीने चुंबकीय लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांवर ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही चाचणी बेतली. एपकॅम गमावलेल्या पेशी मात्र या पद्धतींच्या हातून निसटतात.