बुरशीचे दप्तर

शिळ्या भाकरीवर दिसताच जिला गृहिणी भाकरीसकट उकिरड्याची वाट दाखवते, त्या बुरशीला विसाव्या शतकात उद्योगाच्या आणि वैद्यकाच्या दरबारात जी प्रतिष्ठा लाभली, तिचे श्रेय आपण सहसा औषध शोधणाऱ्या वैद्यांना आणि ते बनवणाऱ्या कारखानदारांना देतो. परंतु या दोघांच्याही आधी जे लोक कवकांच्या जाती वेगळ्या ओळखून त्यांची नोंद, वर्णन आणि जिवंत नमुने सांभाळीत बसले होते, त्यांच्या वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या उद्योगावाचून तो पुढचा पराक्रम घडताच ना.

अमेरिकेच्या कृषिखात्याने १९०४ साली चार्ल्स थॉम या तरुण शास्त्रज्ञाला कनेक्टिकटमधील स्टॉर्स येथे नेमले, ते कामेंबेर आणि रॉकफोर ही फ्रेंच चीजे अमेरिकेत कशी पिकवता येतील, एवढ्याच मर्यादित हेतूने. तथापि कोणती बुरशी चीजाला स्वाद देते आणि कोणती ते नासवते, हे ठरवण्यासाठी प्रथम त्यांतील भेद जाणणे प्राप्त होते. म्हणून थॉमने पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस या दोन कुळांतील बुरशांचे शुद्ध नमुने जमवून त्यांचे वर्गीकरण आरंभिले, आणि हेच त्याचे आयुष्यभराचे व्रत ठरले. त्याचा सहकारी जेम्स करी याने १९१७ मध्ये दाखवून दिले, की साखरेच्या तीव्र आम्ल द्रावणात ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी विपुल सायट्रिक आम्ल निर्माण करते, आणि त्या आम्लतेत इतर जंतूंचा शिरकावही फारसा होत नाही. तोवर हे आम्ल लिंबांपासून काढले जाई व त्या व्यापारात इटलीचे वर्चस्व होते. करी फायझर कंपनीत दाखल झाला, १९१९ मध्ये ब्रुकलिन येथे बुरशीपासून आम्ल बनू लागले, आणि इटलीची ती मक्तेदारी काही वर्षांतच ढासळली.

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला जी जंतुनाशक बुरशी आढळली, तिची जात तेथे प्रथम चुकीची ठरवण्यात आली होती. पुढे रेस्ट्रिक या रसायनशास्त्रज्ञाने तिचा नमुना अमेरिकेत पाठवला, तेव्हा तो पेनिसिलियम नोटॅटम असल्याचा निर्वाळा थॉमनेच दिला. पेनिसिलियम कुळावरील त्याचा ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याने जमवलेले नमुने केनेथ रेपर या त्याच्या सहकाऱ्याबरोबर इलिनॉयमधील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत गेले. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४१ च्या जुलैत, ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ फ्लोरी आणि हीटली या बुरशीतून मिळणाऱ्या पेनिसिलिन या औषधाच्या उत्पादनासाठी मदतीच्या शोधात अमेरिकेस आले, तेव्हा बुरशीची जोपासना जाणणारी माणसे आणि तुलनेसाठी लागणारे नमुने पिओरियात आयतेच हजर होते. मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या द्रवावर बुरशी वाढवताच उत्पादन अनेक पटींनी वाढले, आणि १९४३ मध्ये स्थानिक बाजारातील एका नासक्या खरबुजावर सापडलेल्या पेनिसिलियम क्रिसोजिनमने त्यात आणखी भर घातली. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये प्रचंड टाक्यांतून पेनिसिलिन तयार होऊ लागले, ते याच फायझर कंपनीत, सायट्रिक आम्लाच्या कामात मुरलेल्या हातांनी.

हिंदुस्थानातही या दप्तराची बैठक आधीच घातली गेली होती. पुसा येथे काम करून गेलेल्या एडविन बटलरने बिस्बीच्या साहाय्याने १९३१ मध्ये हिंदुस्थानातील कवकांची सूची सिद्ध केली. आणि मुंबई इलाख्यात श्री. अजरेकर यांनी १९२६ मध्ये ज्वारीच्या चिकट्या रोगाच्या कवकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने कवकांचा जो संग्रह उभारला, त्याला अजरेकरांचेच नाव आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि तेथे थिरुमलाचार या कवकशास्त्रज्ञाने पुढे मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे खुद्द बुरशीजन्य रोगांवरचे औषध मिळवले.

चीजाच्या बुरशांची नोंद करणाऱ्या थॉमला त्या नोंदीतून उद्या प्राणरक्षक औषधाचा मार्ग मोकळा होईल याची कल्पना असणे शक्य नव्हते. म्हणूनच अशा संग्रहांचा खर्च मंजूर करताना त्यांच्या तात्काळ लाभाचा हिशेब मागणे, हे सरकारी खजिन्याच्या दृष्टीनेही आतबट्ट्याचेच ठरते.