मानमोडीचे वर्ष आणि मावळातला काढा

पुण्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत, भोर आणि वेल्हे हा मावळचा मुलूख पसरला आहे. तोरणा व राजगड हे किल्ले याच मुलखात उभे आहेत. १९४८ पर्यंत येथे पंतसचिवांचे भोर संस्थान नांदत होते आणि त्याच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी किल्ल्यांचीच नावे होती. नीरेच्या खोऱ्याला हिरडस मावळ म्हणतात. त्या नावाचा संबंध लोक हिरड्याच्या झाडाशी जोडतात. ज्या मुलखाच्या नावातच औषधी वृक्षाचा वास लोकांना जाणवतो, तेथे घरगुती औषधांचा संसार मोठा असावा यात नवल नाही.

मावळचा पावसाळा चार महिने घरात ओल धरून बसतो. भातखाचरात दिवसभर ओणवे राहून लावणी करणाऱ्या माणसास पडसे, खोकला व कणकण ही जणू ऋतूचीच देणगी. त्यांवरील पहिले औषध चुलीपासून हातभर अंतरावर असे. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा, वृंदावनातली तुळस, कुंपणाचा अडुळसा, झाडावर चढलेली गुळवेल आणि वाण्याकडून आणलेली सुंठ, मिरे व ज्येष्ठमध, एवढ्यावर काढा सिद्ध होई. डोके जड झाले की कपाळास सुंठीचा लेप द्यावा, नाक चोंदले की भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगावी, अंग ठणकले की निरगुडीच्या पाल्याने शेकावे, आणि ताप उतरू लागला की तांदळाची पेज किंवा हुलग्याचे माडगे द्यावे, हा क्रम प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या बाईस तोंडपाठ असे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी हीच विद्या शहरातील शिकलेल्या कुटुंबांच्या फडताळातही नेऊन ठेवली होती.

या विद्येची खरी कसोटी १९१८ साली लागली.

त्या वर्षीच्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. महायुद्धातून परतणाऱ्या जहाजांबरोबर इन्फ्लुएंझा बंदरात उतरला होता. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली, तीत मात्र काळाने उग्र रूप धारण केले. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्यू पावली. रेल्वेने, बैलगाडीने व पायवाटेने रोग देशभर फिरला. मराठी खेड्यापाड्यांत त्याला मानमोडी हे नाव मिळाले. अंगासह मानही मोडून टाकणारा ताप, हा त्याचा उघड अर्थ. १९२१ च्या खानेसुमारीने हिंदुस्थानातील मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीच्या आसपास बांधला. पुढील अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे गेली.

त्यात वर्षही दुष्काळी होते. पावसाने दगा दिला होता, युद्धामुळे धान्य महागले होते, आणि साथ आली ती नेमकी शेतीच्या कामाच्या ऐन दिवसांत.

त्या वेळी वैद्य काय करू शकत होता आणि डॉक्टर काय करू शकत होता, हा प्रश्न आज थंड डोक्याने विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर दोन्ही पक्षांना नम्र करणारे आहे. रोगाचे मूळ कोणासच ठाऊक नव्हते. १८९२ पासून डॉक्टर ज्या जंतूला दोष देत होते तो खरा गुन्हेगार नव्हता. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसापासून वेगळा करण्यात इंग्लंडमधील संशोधकांना यश आले ते १९३३ साली. फुफ्फुसाच्या दाहावर चालणारी पेनिसिलिनसारखी औषधे अजून जन्मास यायची होती. डॉक्टर क्विनीन व अॅस्पिरिन देत. क्विनीन हिवतापाचे औषध; या तापावर त्याचा उपयोग नव्हता. वैद्यांनी या ज्वरास वातश्लैष्मिक म्हटले व काढे, भस्मे, लंघन यांची योजना केली. परंतु ज्या घरात आधीच अर्धपोटी दिवस निघत होते, त्या घरातील रोग्यास आणखी लंघन ते काय सांगावे?

तरीही काही घरे वाचली व काही बसली, याचे कारण शोधू लागल्यास मुंबई शहराचे आकडे फार बोलके आहेत. त्या साथीत युरोपियनांत दर हजारी सुमारे ८ मृत्यू झाले, पारश्यांत ९, सवर्ण हिंदूंत सुमारे १९. आणि ज्यांस त्या काळच्या नोंदी खालच्या जातींचे हिंदू म्हणत, त्यांच्यात ६१ हून अधिक. विषाणू जात विचारून शिरत नव्हता. फरक होता तो हवेशीर खोलीचा, पोटातील अन्नाचा आणि उशाशी बसणाऱ्या माणसाचा. एका खोलीत दहा माणसे, दहाही तापाने फणफणलेली, आणि तांब्याभर पाणी देण्यास कोणी उठू शकत नाही, अशा घरी उत्तमातील उत्तम काढ्याची मुळी असून तिचा काय उपयोग? ती उकळणार कोण?

येथेच घरगुती उपायांचे खरे सामर्थ्य व त्यांची खरी मर्यादा एकाच ठिकाणी सापडतात. काढा विषाणूस मारीत नव्हता. पण काढा करावयाचा म्हणजे कोणीतरी चूल पेटवली, पाणी उकळले, रोग्यास उठवून बसवले, घोट घोट करून पाजले, अंगावर घोंगडी ओढली, आणि दोन घटकांनी पुन्हा येऊन कपाळास हात लावला. उकळलेले निर्मळ पाणी, ऊब, विश्रांती, पचेल असे अन्न आणि सतत लक्ष, ही शुश्रूषा काढ्याच्या पेल्यातून रोग्यापर्यंत पोहोचत होती. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळींतून फिरले. त्यांच्या मदतीचे मोलही याच शुश्रूषेत होते.

परंतु या शुश्रूषेची किंमत कोणी मोजली? साधारणपणे इन्फ्लुएंझा लेकरे व म्हातारी माणसे नेतो. १९१८ च्या साथीने वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे उचलली. त्यांतही हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. आजाऱ्याच्या श्वासासमोर रात्रंदिवस बसणारी तीच, उष्टी भांडी उचलणारी तीच, सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणारी तीच, आणि ताप अंगावर काढून चुलीपुढे उभी राहणारीही तीच. घरादारास काढा पाजणाऱ्या बाईला काढा करून देणारे कोणी नव्हते. मानमोडीच्या इतिहासातील सर्वांत कडू घोट हाच होय.

त्यानंतरच्या शतकात विज्ञानाने त्या जुन्या औषधांची एकेक करून झडती घेतली. अडुळशातील व्हॅसिसीन हे द्रव्य १८८८ मध्येच वेगळे झाले होते. त्याच्या धर्तीवर पुढे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. मराठी मसाल्यातील चक्रफुलापासून मिळणाऱ्या शिकिमिक आम्लापासून ऑसेल्टामिव्हिर हे इन्फ्लुएंझावरील औषध बनवता आले व १९९९ पासून ते वापरात आहे. मात्र चक्रफुलाचा काढा पिऊन ते औषध पोटात जात नाही; मधल्या रासायनिक पायऱ्या कारखान्यातच चढाव्या लागतात. मधाने मुलांचा खोकला काहीसा शमतो, असे प्रयोगांत दिसले आहे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशास आराम पडतो, आले व गवती चहा यांच्या गरम घोटाने जीव सुखावतो व पोटात पाणी जाते. आराम देणे हे लहान काम नव्हे.

निसर्गाचे म्हणून निरुपद्रवी, ही समजूत मात्र टाकून दिली पाहिजे. एक वर्षाच्या आतील बाळास मध देऊ नये. वाफाऱ्याचे भांडे कलंडून मुले भाजतात. अडुळसा गर्भिणीस वर्ज्य. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तरी यकृताचा विकार असणाऱ्याने सावध राहणेच बरे. तापलेल्या मुलास अॅस्पिरिन तर देऊच नये.

२००९ साली इन्फ्लुएंझा पुन्हा या मुलखाच्या दारात आला. स्वाईन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातच नोंदला गेला. कापूर व वेलदोड्याच्या पुरचुंड्या लोकांच्या खिशात दिसू लागल्या. पण या वेळी पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था होती. घशातील द्रव तपासून रोग ओळखता येत होता, त्यावरील औषध होते, आणि पुढल्याच वर्षी पुण्यात तयार झालेली लसही आली. १९१८ चा मावळा ज्यास मुकला होता, ते सर्व आता भोरपासून काही तासांच्या वाटेवर होते. पुरचुंडीने मनास धीर दिला असेल. रोग अडवण्याचे काम लस, उघडी खिडकी, धुतलेले हात व आजाऱ्याने घरी थांबणे यांनीच होते.

म्हणून आजच्या घराने मावळातला काढा टाकून देण्याचे कारण नाही. त्याची जागा मात्र ओळखावी. तो पाहुण्यासारखा यावा, घरधन्यासारखा बसू नये. धाप लागली, छाती दुखू लागली, ओठ निळसर झाले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा उतरलेला ताप फिरून चढला, तर पेला खाली ठेवून दवाखान्याची वाट धरावी. इन्फ्लुएंझावरील औषध पहिल्या दोन दिवसांत दिल्यास त्याचा गुण अधिक येतो. वृद्ध, गर्भिणी व दमेकरी यांच्या बाबतीत तर काढ्याचा गुण पाहत दिवस घालवूच नयेत.

आणि घरातली सर्व माणसे आजारी असता जी एकटी चुलीपुढे उभी असते, तिला आधी बसवावे. तिच्या नाकातोंडास फडके असावे, खिडकी उघडी असावी, आणि त्या दिवशीचा काढा दुसऱ्या कोणीतरी उकळावा. मानमोडीच्या वर्षाने भोर-वेल्ह्याच्या डोंगरांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत जे शिकवले, ते एवढेच आहे. आणि ते शिकण्यासाठी पुन्हा तेवढी किंमत मोजण्याची गरज नाही.