वर्तुळातला लाल रंग कुठे गेला?

नगरच्या रणगाडा संग्रहालयात शाळांच्या सहली नेहमी येतात. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात १९६५ च्या युद्धात पाडाव केलेले पॅटन रणगाडे आहेत आणि त्याच युद्धात आपल्या सैन्याने वापरलेल्या जातीचा सेंच्युरियनही आहे. मुले तोफेसमोर उभी राहतात, फलक वाचतात आणि पुढे सरकतात. सेंच्युरियनच्या पोटात काय असते ते मात्र बाहेरून कळत नाही. या रणगाड्याचे मीटिअर इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनाचा सख्खा भाऊ. तेच बारा सिलिंडर, तीच सत्तावीस लिटरची क्षमता. उंचावरच्या विरळ हवेसाठी लागणारा सुपरचार्जर तेवढा काढून टाकला, कारण रणगाड्याला जमिनीवरच चालायचे असते.

हे नाते मुलांना समजावे म्हणून आम्ही हरिकेन विमानाची लहान प्रतिकृती करायला घेतली. भारतीय वैमानिकांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हेच विमान चालवले होते, हे दुसरे कारण.

प्रतिकृतीचे प्रमाण होते १:७२. हा आकडा विचित्र वाटेल, पण तो फूट-इंचांच्या जगातला आहे. मूळ विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. हरिकेनच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे सतरा सेंटिमीटर. तळहातावर मावेल एवढे विमान! याच प्रमाणाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडण्याचे संच इंग्लंडमध्ये १९३६ पासून विकले जात होते. पण युद्धात हे खेळणे गंभीर कामाला लागले. १९४२ साली अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांकडून अशा पाच लाख प्रतिकृती मागवल्या. मुलांनी त्या लाकडातून कोरल्या आणि काळ्या रंगवल्या. आकाशातले विमान गोलंदाजाला काळ्या आकृतीसारखे दिसते. त्या आकृतीवरून आपले कोणते आणि शत्रूचे कोणते हे क्षणात ओळखण्याचा सराव त्यांच्यावर करायचा होता.

ओळख चुकली तर काय होते, हे ब्रिटिशांना युद्धाच्या चौथ्याच दिवशी कळले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यात एक तरुण वैमानिक मारला गेला.

आता आमच्या हरिकेनकडे वळू. सुटे भाग चौकटीतून कापून काढायचे, कडा बारीक पॉलिश कागदाने घासायच्या आणि गोंद लावण्यापूर्वी एकदा कोरडे जुळवून पाहायचे. या संचाचा गोंद डिंकासारखा चिकटत नाही. त्यातला द्रावक पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो; द्रावक उडून गेला की दोन्ही भाग एकजीव होतात. म्हणून गोंद अगदी थोडा लावायचा, आणि तोही खिडकी उघडी ठेवून. शेपटीकडच्या भागावर बारीक उभ्या-आडव्या रेषा दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. मूळ विमानाचा तो भाग नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेला होता, त्याची ती खूण आहे.

वरच्या बाजूला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी रंग दिला, म्हणजे वरून पाहणाऱ्याला विमान जमिनीत मिसळलेले दिसावे. खालची बाजू आकाशाशी जुळेल अशी फिकट. शेवटी पेटीवरच्या चित्राप्रमाणे पंखांवर निळी-पांढरी-लाल वर्तुळे चिकटवली आणि विमान ब्रह्मदेशातले म्हणून मुलांपुढे ठेवले. इथेच आम्ही चुकलो. पेटीवरचे चित्र इंग्लंडमधल्या विमानाचे होते. ब्रह्मदेशात १९४४ साली त्या वर्तुळात लाल रंग नव्हताच.

का नव्हता? कारण समोर जपान होता. जपानी विमानांच्या पंखांवर लाल गोळा असे. धावपळीत, दुरून, उन्हात पाहणाऱ्याला ब्रिटिश वर्तुळातला लाल ठिपका तेवढाच दिसला तर आपलाच गोलंदाज आपल्या विमानावर गोळ्या झाडणार. अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका काढून टाकला. भारतातल्या विमानांवरचा लाल रंगही झाकला गेला. पुढे दुरून चमकणाऱ्या पांढऱ्याचीही जागा फिकट निळ्याने घेतली. गडद निळ्यात फिकट निळा, एवढीच खूण उरली.

१९४४ साली जपान्यांनी इंफाळला वेढा घातला, तेव्हा भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन तिथे हरिकेन विमाने चालवत होती. तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग. जंगलावरून खाली उडत शत्रूची ठाणी आणि वाटा हेरायच्या, छायाचित्रे घ्यायची, हे तिचे मुख्य काम. इतक्या खालून उडणाऱ्या विमानाला आपल्याच सैन्याच्या बंदुकांचाही धोका असतो. अशा वेळी वर्तुळाचा रंग हा जिवाचा प्रश्न होतो.

मग जुने छायाचित्र पाहून रंग ठरवता येईल का? तिथेही सावध राहावे लागते. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश टिपता येत नसे. तिच्यावर लाल रंग काळा आणि निळा रंग फिकट उमटे. म्हणून नुसत्या करड्या छटेवर विसंबून चालत नाही. छायाचित्र कुठले, कोणत्या वर्षीचे आणि त्या वेळी रंगाविषयी काय हुकूम होते, हे जुळवून पाहावे लागते. संग्रहालयातल्या वस्तूचा आजचा रंगही नंतर दिलेला असू शकतो.

वर्गात दोन सोपे प्रयोग करता येतील. कागदावर लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन गोल रंगवून निळ्या जिलेटिन कागदातून पाहा. लाल गोल काळपट दिसेल. मग एका कागदावर नुसता लाल गोळा आणि दुसऱ्यावर त्याच मापाचे निळे-पांढरे-लाल वर्तुळ काढा. मैदानाच्या टोकाकडे जात राहा आणि किती पावलांवर दोघांत गफलत होते ते मोजा. कागद भराभर हलवला तर हे अंतर किती कमी होते, तेही नोंदवा.

आम्ही ती वर्तुळे खरवडून काढली आणि निळी रंगवली. खालचा हिरवा रंग थोडा निघाला, तो तसाच ठेवला आहे. चूक कुठे झाली हे मुलांना त्यावरून दाखवता येते. इंफाळचे ते अर्जन सिंग १९६५ च्या युद्धात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. तोवर आपल्या विमानांवर केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ आले होते, आणि जमिनीवर सेंच्युरियनच्या पोटात मर्लिनचा भाऊ धडधडत होता. पुढच्या सहलीत मुले त्या रणगाड्यापुढे उभी राहतील, तेव्हा हे छोटे विमान बरोबर न्यायला हरकत नाही.