दोनदा बांधलेली वास्तू

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण बांधकामाचा भार ज्याने स्वतः वाहिला, त्यालाच सुचली असली पाहिजे. कागदावर जे सरळ दिसते, ते जमिनीवर उतरताना अडखळते. आराखडा आणि वास्तू यांत जे अंतर पडते, त्याची किंमत वेळ, पैसा आणि प्रसंगी लौकिक देऊन चुकवावी लागते. हे अंतर मिटविण्यासाठी माणसाने काय केले, हे पाहावयाचे असेल तर बंगळूर शहरातील दोन वास्तू शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली विधानसौध. १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली, तेव्हाची योजना तुलनेने साधी होती. १९५२ मध्ये केंगल हनुमंतय्या म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी द्राविड शिल्पपरंपरेला शोभेल असे भव्य रूप मनाशी धरले. अभियंते बी. आर. माणिक्कम यांनी ते रेखाटले. सुमारे ५,००० मजूर आणि दीड हजार पाथरवट, गवंडी व काष्ठशिल्पी यांच्या हातून ७०० फूट लांब व ३५० फूट रुंद अशी ही ग्रॅनाइटची वास्तू १९५६ मध्ये पुरी झाली. पावणेदोन कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. त्यावरून टीका झाली, चौकशी झाली. आणि ज्यांनी हे स्वप्न पाहिले, ते हनुमंतय्या त्याच वर्षी मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले.

त्या काळी स्थपतीचा नकाशा वेगळा, लोखंडकामाचा वेगळा, नळांचा आणि विजेचा वेगळा असे. एक भिंत सरकली की हे सारे कागद हातांनी सुधारावे लागत, आणि खर्चाचा नवा अंदाज त्यामागून येई. तोवर पाषाण घडवून झालेला असे.

या अडचणीवरचा उपाय अमेरिकेत शोधला गेला. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये असा विचार मांडला की, इमारतीची चित्रे काढण्याऐवजी तिचे संपूर्ण वर्णनच संगणकात साठवावे. म्हणजे एका जागी केलेला बदल सर्व नकाशांत आपोआप उतरेल. पुढे याच विचारातून ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ ही पद्धती आकाराला आली. तिच्यात तुळई ही नुसती रेषा नसते. ती कशाची, किती जाडीची, केव्हा बसवावयाची आणि केवढ्याची, हे सारे तिच्याबरोबर नोंदलेले असते. हवेची नळी तुळईला छेदून जात असेल, तर ती चूक पडद्यावरच दिसते. छिन्नी-हातोडा हाती घ्यावा लागत नाही. वास्तू जणू दोनदा बांधली जाते: एकदा माहितीत आणि मग मातीत.

बंगळूरच्या विमानतळाचे दुसरे टर्मिनल उभारताना ही पद्धती उपयोगात आणली गेली. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या या वास्तूचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५५ हजार चौरस मीटर असून वर्षाकाठी अडीच कोटी प्रवाशांची सोय तिच्यात योजिली आहे. बांबूचे छत, टांगत्या बागा, सामानाचे पट्टे आणि असंख्य वाहिन्या यांचा मेळ नुसत्या कागदांवर घालणे किती जिकिरीचे झाले असते! महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या सुमारे ३८ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यात तर लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीला काळ आणि खर्च अशा पाच मिती एकत्र गुंफल्या गेल्या.

मात्र या साधनाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. खोटे माप भरले तर प्रतिरूपही खोटेच उत्तर देते. शिवाय, हनुमंतय्यांच्या हाती हे साधन असते, तर बदललेल्या आराखड्याचा खर्च पहिला दगड घडविण्यापूर्वी त्यांना आणि विधिमंडळालाही कळला असता; पण तो करावा की नाही, हे त्याने सांगितले नसते. ज्या वास्तूच्या खर्चावरून एके काळी वाद माजला, तिच्यापुढे आज प्रवासी कौतुकाने थबकतात. हे मोल कोणत्याच अंदाजपत्रकात मांडलेले नव्हते.

विधानसौधाच्या दर्शनी भागावर, सरकारचे काम हे देवाचे काम, अशा अर्थाचे वचन कोरलेले आहे. देवाच्या कामाचाही हिशेब माणसालाच द्यावा लागतो. नव्या पद्धतीने तो हिशेब वेळेवर समोर येतो, एवढेच. निर्णयाची जबाबदारी पूर्वीइतकीच माणसाच्या खांद्यावर राहते.